महाधमनीच्या ॲन्युरिझमचं ऑपरेशन झालं. आता घरी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

पोटातल्या महाधमनीला, म्हणजे हृदयाकडून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला, आलेला फुगा (ॲन्युरिझम) काढला किंवा बंद केला, की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण पेशंट पुन्हा आपल्या पायांवर बाजारात जाणं, रात्रभर झोपणं, चवीने जेवणं हे सगळं घरी आल्यावरच घडतं किंवा बिघडतं. त्यात दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिल्या महिन्यात माया म्हणून पेशंटला अंथरुणात ठेवलं जातं. आणि वर्षभराने तो धडधाकट दिसायला लागला की तपासण्या बंद होतात. पहिल्या चुकीने ताकद जाते, दुसरीने जीव जाऊ शकतो.

खालचा क्रम पोटातल्या महाधमनीच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आहे. छातीतल्या महाधमनीचं किंवा फुगा फुटल्यावर तातडीने केलेलं ऑपरेशन असेल तर वेग आणखी सावकाश असतो, तिथे तुमच्या सर्जनने दिलेल्या तारखाच धरा. इतर ठिकाणीही माझ्या आकड्यात आणि सर्जनच्या आकड्यात फरक पडला, तर सर्जनचा आकडा खरा.

## टप्पा 1: ऑपरेशन कोणतं झालं ते नीट समजून घ्या

इथे गोंधळ झाला की पुढचं सगळं चुकतं. प्रकार दोन आहेत.

उघडं ऑपरेशन: पोटावर मोठा छेद घेऊन फुगलेल्या भागात कापडी नळी, म्हणजे ग्राफ्ट, शिवतात. हॉस्पिटलात साधारण आठवडा ते दहा दिवस जातात. अंगात पूर्ण ताकद यायला दोन ते तीन महिने, काहींना त्याहून जास्त लागतात.

जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट: डॉक्टर याला ‘ईव्हार’ म्हणतात. जांघेतल्या धमनीतून नळी आत सरकवून फुग्याच्या आतून अस्तर लावतात. बरेच पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतात आणि दोन ते चार आठवड्यांत हिंडूफिरू लागतात. फुगा मात्र जागेवरच असतो, फक्त त्यावरचा रक्ताचा दाब काढलेला असतो. म्हणून या पेशंटच्या तपासण्या आयुष्यभर चालतात.

सावध: ‘स्टेंट टाकलाय’ एवढंच ऐकून शेजारीपाजारी हृदयाच्या अँजिओप्लास्टीचे सल्ले देतात, तर कुणी बायपासवाल्यांचे नियम सांगतं. बायपासमध्ये छातीचं हाड जुळायचं असतं, इथे पोटाची भिंत किंवा जांघेची जखम. तिकडचे नियम इकडे लावू नका.

## टप्पा 2: डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, गाडी, औषधं यांत डोकं गुंतलेलं असतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन बसा आणि डॉक्टरांना किंवा रेसिडेंटला हे विचारा:

- ग्राफ्ट कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा? त्याचं इम्प्लांट कार्ड मिळालं का? पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर हेच कार्ड दाखवावं लागतं.
- ओटीपोटाकडे जाणारी एखादी धमनी बंद करावी लागली का? याचं उत्तर पुढे टप्पा 6 मध्ये लागेल.
- शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती?
- घरची जुनी औषधं कोणती चालू, कोणती बंद, कोणती बदलली?
- वजन उचलायची मर्यादा कोणत्या तारखेपर्यंत?
- पुढची तपासणी कोणती, सोनोग्राफी की सीटी, आणि कधी?
- रात्री दोन वाजता त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?

ऑपरेशन सरकारी योजनेखाली झालं असेल तर पुढच्या तपासण्यांपैकी कोणत्या त्यात बसतात, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला तिथेच विचारा. डिस्चार्ज कार्डाचे आणि इम्प्लांट कार्डाचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

तपासा: जुन्या आणि नव्या गोळ्या शेजारी मांडून नावं जुळवा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेतलं जाणं ही घरोघरची चूक आहे. बीपीच्या गोळीचं तसं झालं तर चक्कर येऊन पेशंट पडतो.

## टप्पा 3: घर आधी तयार करा, मग पेशंटला आणा

गादी जमिनीवर नको. गुडघ्याच्या उंचीचा पलंग हवा आणि तो भिंतीला अशा बाजूने लावा की पेशंटला सोपं पडेल त्या कुशीवरून उतरता येईल. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं पोटाच्या टाक्यांनाही जड आणि जांघेच्या जखमेलाही. कमोड नसेल तर कमोड-खुर्ची भाड्याने मिळते, आधीच आणून ठेवा. न्हाणीघरात बसायला प्लास्टिकचं स्टूल, पायाखाली न घसरणारी चटई. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवरच्या सतरंज्या, वायरी, चपला उचला आणि रात्री तिथे दिवा चालू ठेवा.

कपड्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पायजम्याची किंवा परकराची नाडी नेमकी छेदावर बसते आणि जांघेत घट्ट अंतर्वस्त्राची शिवण जखमेवर घासते. सैल गाऊन, लुंगी किंवा ढिल्या इलॅस्टिकची पॅंट बरी.

## टप्पा 4: पहिले दोन आठवडे

### उठणं

उघड्या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त दुखतं ते पलंगावरून उठताना, आणि ते चुकीच्या पद्धतीमुळे. घरचे दोन्ही हात धरून पेशंटला सरळ वर ओढतात, त्याने सगळा ताण टाक्यांवर येतो. क्रम असा ठेवा: आधी दोन्ही गुडघे वाकवायचे. मग खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं. पाय पलंगाच्या कडेखाली सोडायचे. खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर रोवून ढकलत बसतं व्हायचं. तसंच दोन मिनिटं बसायचं, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ना बघायचं, आणि मगच उभं राहायचं. मदत करणाऱ्याने हात ओढू नये, खांद्यामागे आधार द्यावा.

### चालणं आणि श्वास

घरी आल्याच्या दिवसापासून चालायचं. जागेपणी दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटं पुरेत. पडून राहिलं की पायात गुठळी, छातीत कफ आणि पोटात गॅस तिन्ही धरतात. ‘विश्रांती घ्या’ याचा अर्थ दिवसभर लोळा असा नाही.

हॉस्पिटलातून मिळालेलं श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर कपाटात टाकू नका. जागेपणी दर तासाला आठ-दहा सावकाश श्वास घ्यायचे. खोकताना किंवा शिंकताना घडी केलेली चादर किंवा उशी पोटावर घट्ट दाबून धरायची. टाके तुटतील या भीतीने पेशंट खोकला दाबतात आणि पंधरा दिवसांत न्यूमोनिया घेऊन परत ॲडमिट होतात. उशीचा आधार असेल तर खोकल्याने टाके सहसा तुटत नाहीत.

### जखम

ईव्हारची जखम लहान असते, म्हणून दुर्लक्षित राहते. ती जांघेच्या घडीत असते. तिथे घाम साचतो, आणि पोट सुटलेलं असेल तर ती पेशंटला स्वतःला दिसतच नाही. दुसऱ्याने रोज बघायची, किंवा मोबाईलवर रोज एक फोटो काढायचा. फोटो शेजारी ठेवले की लाली पसरतेय की ओसरतेय ते कळतं. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून कोरडी ठेवा. हळद, खोबरेल, राख, पावडर यांतलं काहीही जखमेवर नको. अंघोळ कधीपासून ते डॉक्टरांना विचारा. टबात किंवा नदी-विहिरीत उतरणं जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

### जेवण आणि पोट

उघड्या ऑपरेशननंतर तोंडाची चव जाते आणि वजन उतरतं. ते काही आठवड्यांत मार्गी लागतं. तोवर तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी द्या आणि प्रत्येकात प्रथिन हवं: मुगाचं धिरडं, दही, पनीर, अंडं, मासे, घट्ट वरण. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आठवडाभर नुसती पेज आणि साबुदाण्याची खीर भरवली तर जखम भरायला लागणारा माल शरीराला मिळतच नाही. एकादशी, चतुर्थीचे उपास निदान पहिले दोन महिने बाजूला ठेवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. पाणी, पपई आणि डॉक्टरांनी दिलेलं इसबगोल किंवा सौम्य रेचक वेळेवर घ्या.

### दुखणं

दुखण्याची गोळी पहिले काही दिवस ठरल्या वेळेला द्या, असह्य होईपर्यंत थांबू नका. दुखत असलेला माणूस ना खोल श्वास घेतो ना चालतो. पण डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दुकानातून आपल्या मनाने आणू नका. किडनी आणि बीपी दोन्हीला ते महागात पडतं.

थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा किंवा 108 ला फोन करा:

- पोटात किंवा पाठीत अचानक, जोराचं दुखणं, घेरी, दरदरून घाम
- एक पाय अचानक थंड, पांढरा, बधिर किंवा हलेनासा होणं
- जांघेत झपाट्याने वाढणारी सूज किंवा दाबूनही न थांबणारं रक्त
- रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी किंवा रक्त पडणारी शौच
- श्वास लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन: 38 अंश सेल्सियस म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू किंवा पाणी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, लघवी कमी होणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं. ईव्हारनंतर सुरुवातीचे काही दिवस बारीक ताप येऊ शकतो, पण तो तसलाच आहे हे घरी ठरवू नका.

## टप्पा 5: तिसरा आठवडा ते तिसरा महिना

इथे घाई आणि निराशा, दोन्ही भेटतात. त्यावर माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे एक साधी वही. दर रविवारी त्यात पाच ओळी: न थांबता किती चाललो, किती पायऱ्या चढलो, किती तास झोपलो, आठवड्यात दुखण्याच्या किती गोळ्या लागल्या, आणि कोणतं काम आवडीने केलं. पहिल्याच पानावर ऑपरेशनच्या आधीची स्थिती लिहा, कारण काही महिन्यांनी आठवण फसवते. ‘मी आधी रोज गड चढायचो’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात असतो.

कालच्याशी तुलना करू नका. एक दिवस बरा, दोन दिवस मरगळलेले, असंच चालतं. महिन्याची तुलना करा. सलग तीन रविवार आकडा खाली गेला तर मात्र डॉक्टरांना वही दाखवा.

ब्रिटनमधली ईव्हार-1 चाचणी 1999 मध्ये आणि नेदरलँड्समधली ड्रीम चाचणी 2000 मध्ये सुरू झाली. दोन्हींत पेशंटच्या जगण्याच्या दर्जाची प्रश्नावली भरून घेतली होती. पहिल्या काही महिन्यांत ईव्हारवाले पुढे होते. वर्षभराने ईव्हार-1 मध्ये फरक उरला नाही आणि ड्रीममध्ये तर सहा महिन्यांनंतर उघडं ऑपरेशन झालेले किंचित पुढे गेले. उघडं ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या महिन्यात ‘आपलं काही खरं नाही’ वाटतं, तेव्हा त्याला हे सांगा.

कामांचा क्रम असा ठेवा:

1. चालणं. आधी वेळ वाढवा, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. चालताना बोलता आलं पाहिजे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सलग अर्धा तास हे बहुतेकांना जमणारं उद्दिष्ट आहे.
2. वजन. उघड्या ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे 4-5 किलोच्या वर काही उचलायचं नाही. ईव्हारनंतर हीच मर्यादा साधारण एक-दोन आठवडे. भरलेली कळशी, पाण्याची बादली, नातवंड, सगळं या मर्यादेच्या वर जातं. गॅसच्या भरलेल्या घरगुती सिलेंडरचं वजन 30 किलोच्या आसपास असतं, त्याला सहा महिने हात लावायचा नाही असंच मी सांगेन. पोटावरच्या छेदातून हर्निया होणं ही या ऑपरेशननंतरची नेहमीची तक्रार आहे आणि तो पुष्कळदा घाईच्या उचलाउचलीतून सुरू होतो.
3. गाडी. ईव्हारनंतर साधारण आठवडाभराने, उघड्या ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी, तेही डॉक्टरांच्या होकारानंतर. कसोटी एकच: उभ्या गाडीत जोरात ब्रेक दाबून बघा. पोट आवळलं तर अजून वेळ आहे. दुचाकीची किक आणखी उशिरा.
4. योगासनं. दीर्घ श्वसन पहिल्या दिवसापासून चालतं. कपालभाती, भस्त्रिका, नौली, सूर्यनमस्कार आणि साष्टांग दंडवत तीन महिने नको, आणि सुरू करण्याआधी सर्जनला विचारा. कपालभाती ‘नुसता श्वास’ समजून केली जाते, पण पोटाला ते जोराचे धक्केच असतात.
5. काम. बैठं काम ईव्हारनंतर दोन ते चार आठवड्यांत, उघड्या ऑपरेशननंतर सहा ते बारा आठवड्यांत. शेतीचं, हमालीचं काम त्यानंतर आणि टप्प्याटप्प्याने.

‘वारीला जाता येईल का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बीपी ताब्यात असेल, रोजच्या चालण्याची सवय झाली असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल, तर सहा महिन्यांनंतर काही टप्पे चालायला हरकत नसते. खांद्यावर ओझं मात्र नको.

तपासा: पोटाच्या छेदाजवळ खोकताना गोळा बाहेर येतो का? उभं राहून, आरशासमोर, महिन्यातून एकदा बघा.

## टप्पा 6: जे घरात कुणी विचारत नाही

लैंगिक त्रास या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतो, आणि आपल्याकडे साठ-सत्तरीच्या माणसाला त्याबद्दल विचारणंच गैर समजतात. उघड्या ऑपरेशनमध्ये महाधमनीजवळच्या बारीक नसा दुखावू शकतात. त्यामुळे ताठरता कमी होते किंवा वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. ईव्हारमध्ये ओटीपोटाची धमनी बंद करावी लागली असेल तरी ताठरतेवर परिणाम होतो. यात लाजण्यासारखं काही नाही आणि बऱ्याच वेळा उपाय असतो. पण दुकानातून गोळी आणून घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर ती गोळी जीवघेणी ठरते.

टप्पा 2 मध्ये विचारलेल्या त्याच धमनीमुळे चालताना कुल्ल्यात किंवा मांडीत पेटके येऊ शकतात आणि थांबलं की जातात. घरी त्याला सांधेदुखी समजून तेल चोळत बसतात. रोज चालत राहिल्याने पुष्कळांचं ते कमी होतं, पण सर्जनला सांगा.

मनाचं तसंच. ‘पोटात बॉम्ब होता’ हे ऐकलेला माणूस ऑपरेशननंतरही रात्री पोटावर हात ठेवून ठोके मोजतो. काही जण एकटे बाहेर जायला घाबरतात, काही चिडचिडे होतात. पहिल्या महिन्यात हे समजण्यासारखं आहे. पण दोन महिने उलटूनही झोप नाही, जेवणावर मन नाही, कुणाशी बोलणं नको असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालं, आता कसली काळजी’ असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका, डॉक्टरांकडे न्या.

## टप्पा 7: औषधं आणि तंबाखू

ऑपरेशनने फुग्याचा बंदोबस्त झाला, धमन्यांचा आजार शरीरात आहेच. म्हणून बीपीची औषधं, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन आणि बहुतेकांना कमी मात्रेची ॲस्पिरिन लांब पल्ल्याला चालू राहते. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून स्टॅटिन बंद करू नका. रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजा आणि लिहून ठेवा. मीठ दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं.

विडी-सिगारेट बंद म्हणजे बंद, दिवसाला एकसुद्धा नाही. अनेक घरांत पुरुष विडी सोडून तंबाखू-चुन्यावर येतात, आणि बायकांच्या मिश्रीला तर कुणी तंबाखू मानतच नाही. निकोटिन तिथेही आहे आणि ते धमन्या आवळतं.

एक गोष्ट फॅमिली डॉक्टरांना स्वतःहून सांगायची. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध-नियामक संस्थेने) डिसेंबर 2018 मध्ये इशारा दिला: ॲन्युरिझम असलेल्यांना किंवा त्याचा धोका असलेल्यांना, दुसरा पर्याय असताना, ही देऊ नयेत. आपल्याकडे जुलाब झाले की दुकानदार ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी सहज हातात ठेवतो. ती घेऊ नका. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला ग्राफ्टबद्दल आधी सांगा. अँटिबायोटिक लागेल का आणि ॲस्पिरिन थांबवायची का, हे सर्जनला विचारून ठरवा.

## टप्पा 8: तपासण्या, आणि त्या न सोडणं

ईव्हारनंतर सर्वसाधारण क्रम असा: साधारण महिन्याने सीटी, मग वर्षाच्या सुमारास पुन्हा तपासणी, आणि सगळं ठीक असेल तर दरवर्षी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी. अस्तराच्या कडेने किंवा लहान फांद्यांतून फुग्यात पुन्हा रक्त शिरू शकतं, त्याला एंडोलीक म्हणतात. लहान फांद्यांतल्या गळतीवर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, फुगा वाढू लागला तरच हात घालतात. पण वरच्या किंवा खालच्या टोकाकडची गळती लगेच बंद करावी लागते. पेशंटला यातलं काहीही जाणवत नाही, म्हणूनच ‘त्रास नाही तर कशाला’ हा विचार घातक आहे. ईव्हार-1 च्या पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात, आठ वर्षांनंतर ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू ईव्हारच्या गटात जास्त दिसले, आणि मुख्य कारण अस्तर लावलेला फुगा पुन्हा फुटणं हेच होतं.

उघड्या ऑपरेशननंतर तपासण्या कमी, साधारण दर पाच वर्षांनी. पण ग्राफ्टला जंतुसंसर्ग किंवा ग्राफ्ट आणि आतडं यांच्यात भगदाड कित्येक वर्षांनंतरही होऊ शकतं. ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी कारण न सापडणारा ताप किंवा काळी शौच दिसली, तर ग्राफ्टचं नाव आधी काढा.

तपासा: सीटीच्या आधी ताजं क्रिएटिनिन करा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. जुन्या सीटीची सीडी सोबत न्या, कारण रेडिओलॉजिस्टला आजचं माप मागच्या मापाशी ताडायचं असतं. नुसत्या कागदी रिपोर्टवर ते नीट होत नाही.

## टप्पा 9: भावंडं आणि मुलं

हा आजार घराण्यात चालू शकतो. पेशंटच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी, बायका-पुरुष दोघांनीही, पन्नाशीनंतर एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्या भावाला तर हाताला धरून न्या. सोनोग्राफी सकाळी उपाशीपोटी करा, गॅस कमी असतो आणि महाधमनी नीट दिसते. चिठ्ठीवर ‘महाधमनीचा व्यास मोजणे’ असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पित्ताशय-किडनी बघून रिपोर्ट मिळतो. ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नका, आकडा सेंटिमीटरमध्ये मागा. तो 3 च्या आत असेल तर पुढची सोनोग्राफी कधी ते डॉक्टर सांगतील. 3 किंवा जास्त असेल तर रिपोर्ट घेऊन रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. ऑपरेशनचा विचार साधारणपणे पुरुषांत 5.5 आणि बायकांत 5 सेंटिमीटरला होतो. तोवर बीपी, तंबाखूबंदी आणि ठरल्या अंतराने मोजमाप.